दुसऱ्या सहीचा रकाना

शनिवार, १ नोव्हेंबर

लागले एकदाची कामाला! डब्लिनजवळच्या मेनूथहून रॉयल कॅनालच्या काठाने पंचवीस मिनिटं चाललं की इंडस्ट्रियल इस्टेट लागते आणि तिच्या टोकाला आमची लॅब. शनिवार-रविवारची पाळी कुणालाच नको असते, म्हणून ती नव्या माणसाच्या, म्हणजे माझ्या वाट्याला आली. माझा साहेब डेक्लन आज मुद्दाम सुट्टी मोडून सगळं दाखवायला आला होता. मी त्याला मिस्टर म्हटलं तर म्हणाला, मिस्टर माझे वडील होते, आणि तेही फक्त बँकेत. डबा कुठे ठेवू विचारलं तर 'प्रेस'मध्ये ठेव म्हणाला. प्रेस म्हणजे कपाट, हे कळायला दोन मिनिटं गेली.

माझं यंत्र चार नंबरचं. त्याचा पंप प्रचंड दाबाने द्रावण बारीक नळीतून ढकलतो, औषधातले घटक वेगळे होऊन एकामागून एक बाहेर पडतात आणि पडद्यावर त्यांची शिखरं उमटतात. या यंत्राचा वैरी एकच, हवेचा बुडबुडा. द्रव सहसा चेपला जात नाही, हवा चेपली जाते. मोहरीएवढा बुडबुडा पंपात अडकला, की दट्ट्या द्रावण ढकलायचं सोडून त्यालाच दाबत बसतो. दाबाची रेषा थरथरते आणि सगळे आकडे खोटे पडतात. मग झडप उघडायची, द्रावण जोरात सोडून हवा काढायची, झडप लावायची आणि रेषा दहा मिनिटं स्थिर राहते का ते पाहायचं.

वहीत त्यासाठी दोन रकाने आहेत, 'केलं' आणि 'पाहिलं'. दुसरी सही दुसऱ्याच माणसाची हवी, नाहीतर त्या दिवसाचं काम रद्द. हा नियम मला मनापासून आवडला. एकट्याच्या शब्दावर राज्य चालू नये, तसं औषधही चालू नये.

रविवार, २ नोव्हेंबर

आज एकटी होते. दुसऱ्या माणसाची जागा रिकामीच आहे, जानेवारीत कुणी येईल म्हणे. डेक्लन काल म्हणाला होता, तू लिहून ठेव, मी सोमवारी सही करून टाकीन, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत 'चालतंय'. मी त्याला तिथेच ऐकवलं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही म्हणजे खोटी साक्ष. आज वहीत खोटं, उद्या बाटलीत! तो हसला. मग म्हणाला, बाई गं, तुझी जागा संसदेत, इथे बाटल्या धुवायला कशी आलीस?

११.४० ला बुडबुडा आला. हवा काढली, रेषा स्थिर झाली. दुसरा रकाना रिकामा ठेवला. दिवस रद्द.

अख्ख्या दिवसात एका माणसाशी बोलले नाही. दुकानातही यंत्राने आभार मानले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा ११.४०, पुन्हा रद्द. द्रावण गाळून घेतलं होतं, त्यातली हवा काढली होती, झडपा धुतल्या होत्या. आता नमुना एकाच तपासणीपुरता उरला आहे. लहान मुलांच्या आकडीचं औषध आहे. उद्या जमलं नाही तर लॅबचं मार्चपासूनचं काम पाण्यात आणि औषध कित्येक महिने लांबणार.

संजीवदादाला फोन केला. कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे होता, आता डब्लिनला डॉक्टर आहे. म्हणाला, इरे, श्रोते मिळेनात म्हणून पंपाला भाषणं देतेस होय! हसले. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटली.

रविवार, ९ नोव्हेंबर

केलं. इथे तरी खरं लिहिते.

बुडबुडा आला, मी हवा काढली, घड्याळ लावून दहा मिनिटं रेषा पाहिली. केसाएवढीही हलली नाही. जे खरं ते खरंच, साक्षीदार असो वा नसो. एका रिकाम्या चौकोनापायी मुलांनी का थांबावं? मी दुसऱ्या रकान्यात उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात सही केली: डी. एन. असा कुणी माणूस नाही. जे पहिलं सुचलं ते लिहिलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

मुद्दाम लॅबमध्ये गेले. डेक्लनने पान पाहिलं आणि उलटलं. कुणाची सही, हे विचारलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाला, 'युअर मॅन'चं अक्षर तुझ्याहून सुबक आहे. इथे कुणाही अमक्याला युअर मॅन म्हणतात. तो चेष्टा करतोय असं समजून मी गप्प राहिले. वर्गात, व्यासपीठावर, पोलीस चौकीत, कधीही गप्प न राहिलेली मी.

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवा नमुना. वही उघडली तर आजच्या ओळीत दुसरी सही आधीच होती. डी. एन., ११.५०. तेव्हा सव्वानऊ वाजले होते.

११.४० ला बुडबुडा आला. हवा काढली. ११.५० ला रेषा स्थिर होती.

रविवार, १६ नोव्हेंबर

हे कबूल करायला लाज वाटते, पण आज बरं वाटलं. दोन कप चहा केला. दुसरी खुर्ची पंपाजवळ ओढली. सत्य आणि साक्ष यांवर त्या खुर्चीशी तासभर बोलले. कित्येक आठवड्यांत कुणी माझं बोलणं न तोडता ऐकलं नव्हतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सही आता फक्त वहीत नाही. डब्याच्या झाकणावर. कपाटाच्या आतल्या बाजूला. घरी आल्यावर या रोजनिशीत, ९ तारखेच्या नोंदीशेजारी, समासात. डी. एन., पाहिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

ठरवलं. खोटं मी केलं, मीच पुसणार. लॅबच्या रीतीप्रमाणे खोट्या सहीवर एकच आडवी रेघ मारली, कारण लिहिलं, 'असा माणूस नाही', तारीख घातली आणि सही केली.

मग आठवलं, खोडलेल्या नोंदीवरही दुसरी सही लागते.

वही मिटली. लगेच उघडली.

दुसऱ्या रकान्यात डी. एन. शाई ओली होती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

डेक्लनला सगळं सांगितलं. नोकरी गेली तरी चालेल म्हटलं. त्याने मला खुर्चीत बसवलं. म्हणाला, तो माणूस नाही कसा? गेल्या आठवड्यात त्यानेच माझ्यासाठी दार धरलं होतं. अबोल आहे बिचारा. सारखा धापा टाकत असतो, हवा पुरत नसल्यासारखा.

बुधवार, २६ नोव्हेंबर

जिना चढताना धाप लागून दोनदा बसले. संजीवदादाने गाडी काढून डब्लिनला नेलं, एक्स-रे काढला, छाती तपासली. म्हणाला, वेडाबाई, तुझ्या छातीत हवेशिवाय काही नाही.

घरी आले. त्याचं वाक्य लिहायला ही रोजनिशी उघडली. कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं, उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात: हवा आहे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

गेले नाही. आजारी म्हणून कळवलं. डेक्लन म्हणाला, ग्रँड, युअर मॅन बघून घेईल. आणि म्हणाला, तो तुझा पत्ता विचारत होता.

मी विचारलं, दिलास? तो—

फोन कट झाला.

रविवार, ३० नोव्हेंबर

घरमालकीण चर्चला गेली. दाराला आतून कडी आहे.

हे पान उघडलं तेव्हा आखलेलं होतं.

यंत्र: इरावती. दोष: हवा. उपाय: हवा काढणे, ११.४०. केलं: डी. एन.

'पाहिलं' रिकामं. माझ्यासाठी ठेवलेलं.

कळलं. माझ्या सहीशिवाय त्याचं काम रद्द. मग नाही करणार. जे पाहिलं नाही त्यावर मी सही—

११.४०. छातीत काहीतरी उघडलं. झडपेसारखं. सुटतंय, जोरात—

११.४२. तो मला दाखवतोय. खोटी सही नकोय त्याला. खरी—

११.४५. थरथर होती. कमी झाली. ओरडायला हवा

११.४८. खोटं लिहायचं नाही. पुन्हा कधीच नाही. रेषा सरळ आहे. मी पाहते आहे

११.५०. दहा मिनिटं. स्थिर.

पाहिलं: इराव