चटई कुणी उचलायची

सोमवार, ४ ऑगस्ट

बोट वेळेवर पोहोचली, समुद्रही शांत होता. सवाई बेटावर मी पूर्वी लग्नाकार्याला आलो आहे, पण मुक्कामाचं काम असं पहिलंच. फालेमोआ गावाचे प्रमुख तोइलोलो स्वतः रस्त्यापर्यंत आले आणि माझ्या हातातली बॅग काढून घेतली. म्हणाले, राजधानीचा साहेब येणार म्हटल्यावर वाटलं कोणीतरी पोरगेलासा, चकचकीत बूटवाला येईल. तुम्ही तर आमच्याच वयाचे, आमच्याच भाषेचे. आता थापा मारायची सोय राहिली नाही. सगळे हसले.

गावामागच्या पठारावर नवा विमानतळ होतो आहे. त्याच्या खोदकामाने, हादऱ्यांनी आणि आवाजाने आसपासच्या जुन्या वास्तूंना किती धक्का बसेल हे पाहून मत द्यायचं, आणि जपायच्या जागांभोवती खुंट्या मारायच्या, एवढं माझं काम. वास्तू दोन आहेत. मिशनऱ्यांच्या काळातलं, पोवळ्याच्या चुन्यात बांधलेलं चर्च, आणि पठारावरचा ‘तिया’ म्हणजे काळ्या दगडांचा जुना, चांदणीसारखा हात फुटलेला चौथरा.

माझी सोय प्रमुखांच्या घरी आहे. भिंती नसलेलं, खांबांवर उभं घर; वारा छान खेळतो. जेवणाचं सगळं त्यांची थोरली बहीण पेनिनाबाई पाहते. गावात भावाचा शब्द चालतो, पण घरात तिच्या पुढ्यात भाऊसुद्धा पाय पसरून बसत नाही. तिने अळूचे कांदे, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं आणि गरम कोको वाढला. संध्याकाळी शंख वाजला तसं सगळं गाव प्रार्थनेला बसलं. परक्या घरात स्तोत्र म्हणताना आवाज आपोआप जुळून आला. देवाची कृपा.

बुधवार, ६ ऑगस्ट

दिवसभर चर्चमध्ये होतो. भिंतीला ज्या जुन्या भेगा आहेत त्यांच्यावर आडव्या काचेच्या पट्ट्या चुन्याने चिकटवल्या. भिंत केसभर जरी हलली तरी काच तडकते. यंत्रापेक्षा मला हीच पद्धत भरवशाची वाटते. खोदयंत्राचा चालक सेफो जेवणाच्या सुट्टीत येऊन उभा राहिला. तीन लेकरांचा बाप आहे, पण तोंड एक मिनिट बंद नसतं. म्हणाला, “काका, देवाच्या घराला आरसे लावताय होय? पाद्रीणबाईंच्या वेणीफणीची सोय झाली.” मी म्हटलं, तू तुझं यंत्र जरा हळू चालव, म्हणजे आरसे टिकतील. तो म्हणाला, “हळू तर माझी बायको चालते, आणि वाटेत सगळ्या गावाशी बोलते.”

विमानतळाचे मुख्य अभियंता ग्रॅहम न्यूझीलंडचे आहेत. उन्हाने लाल झालेला, सरळ माणूस. खुंट्या कुठे मारायच्या ते तुम्हीच ठरवा, म्हणाले. तुम्ही सांगाल तिथे माझं यंत्र थांबेल.

शनिवार, ९ ऑगस्ट

पठारावर तिया नीट पाहिला. शेवाळलेले दगड, कडेला फणसाचं झाड, मधोमध हिरवळ. धावपट्टीची कड त्याच्या एका हातावरून जाते. तो हात वाचवायचा तर सगळी पट्टी सरकवावी लागेल.

रात्रीच्या जेवणाला ग्रॅहमही होते. मी प्रमुखांना विचारलं, तियाखाली कोणाला पुरलेलं आहे का? ते म्हणाले, छे, पूर्वीचे सरदार कबुतरं पकडायला तिथे बसायचे, तेवढंच. हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. बहुतेक तिये त्याचसाठी बांधलेले आहेत. चाचणीचा खड्डा घ्यायला हवा होता. पण यजमानाने पाहुण्यांसमोर शब्द दिल्यावर त्याच्याच जमिनीत फावडं घालून तो तपासणं मला बरं दिसेना. मी सांगून टाकलं, तो एक हात मोजून, चित्र काढून मग हलवायला हरकत नाही.

पेनिनाबाईने वाढता वाढता थाळी खाली ठेवली आणि ती उठून गेली. प्रमुख पाहुण्यांसमोर बोलले की घरातलं कोणी ते खोडत नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

सकाळी सेफोने खुंटीच्या बाहेरचे दगड काढायला घेतले. खुंट्या मी मारलेल्या. तो माझ्या खुंटीच्या वीतभरही आत गेला नाही, हे इथे लिहून ठेवतो.

चौथ्या की पाचव्या खेपेला यंत्राच्या बादलीतून कवटी पडली. मी ओरडून यंत्र थांबवलं. खड्ड्यात उतरून हातांनी माती काढली. माणसं होती. झोपवलेली नव्हती. सगळी गुडघ्यांवर, कपाळ जमिनीला टेकलेलं, एकाला एक लागून, एका रांगेत. त्यांच्यावर कुजलेल्या विणीचे धागे चिकटले होते. प्रत्येक कवटी मागून, डाव्या कानाच्या वर फोडलेली. सोट्याचा एकेकच घाव, माझी मूठ जाईल एवढं भोक. एक कवटी लहान होती. यंत्राच्या दातांनी रांगेतल्या पुढच्या तिघांचे पाठीचे मणके चुरले होते.

सेफोने खाली उतरून यंत्राची किल्ली माझ्या हातात दिली. 

मंगळवार, १२ ऑगस्ट

काम बंद आहे. प्रमुख म्हणाले, हे आमचेच पूर्वज, मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गावातली तरुण पोरं कोयते घेऊन कामगारांच्या तळाबाहेर बसली. एकाने सेफोच्या खोलीच्या दारावर कोयत्याने घाव घातला.

मीच ग्रॅहमना सांगितलं की इफोगा करावा लागेल. कोणाचं रक्त सांडलं, कोणाची मेलेली माणसं दुखावली, तर अपराध्याने उजाडताना त्यांच्या दारात जाऊन गुडघ्यांवर बसायचं, डोक्यावरून बारीक विणीची चटई घ्यायची आणि वाट पाहायची. घरच्याने येऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर घरचे जे करतील ते सोसायचं. ग्रॅहमनी विचारलं, म्हणजे काय करतील? सेफो बाजूलाच बसला होता. म्हणाला, “साहेब, ते चटईखाली कळत नाही. तीच तर गंमत आहे.”

बुधवार, १३ ऑगस्ट

पहाटे तोइलोलोंच्या दारात बसलो. मधे सेफो, डावीकडे ग्रॅहम, उजवीकडे मी. एकच चटई तिघांवर. खालची खडी गुडघ्यांत रुतत होती. सेफो पुटपुटत होता की माझी पोरं, माझी पोरं. मी त्याचा हात धरला. प्रमुख लगेच आले, चटई उचलली, तिघांना मिठी मारली. फार लवकर आले. इतक्या मोठ्या अपराधाला घरचे ऊन वर येईपर्यंत बसवून ठेवतात.

दुपारी डुकरं भाजली, भाषणं झाली. हाडं पाद्रीबुवांच्या प्रार्थनेने परत झाकली. पेनिनाबाई जेवायला आली नाही.

संध्याकाळी चर्चमध्ये गेलो तर सगळ्या काचेच्या पट्ट्या तडकलेल्या. दिवसभर एकही यंत्र चाललं नव्हतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

तोइलोलो गेले.

पहाटे बायकांच्या किंकाळीने जागा झालो. ते घरासमोर, आम्ही बसलो होतो त्याच खडीवर, गुडघ्यांवर होते. कपाळ जमिनीला. डोक्यावर कालचीच चटई. पोरांनी ती काढली तेव्हा डोक्याचा मागचा भाग चटईबरोबर आला. डाव्या कानाच्या वर. मला मोजण्याची गरज नव्हती, तरी मी मूठ धरून पाहिली.

ओल्या मातीत पायाचे ठसे नव्हते. लांब ओरखडे होते, जोडीजोडीने, पठाराकडून आलेले आणि पठाराकडे गेलेले.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

समुद्र खवळला आहे, बोटी बंद. बेटावरचे दोन शिपाई येऊन गेले, कोयतेवाल्या पोरांतली दोघं धरून नेली.

आज ग्रॅहम. तळावरच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. पलंगाशेजारी गुडघ्यांवर. चटई नव्हती म्हणून पलंगावरची चादर डोक्यावर ओढलेली. भिंतीवर छतापर्यंत रक्त. दात जमिनीच्या फळीत घुसले होते.

चटईखाली आम्ही तिघं होतो. सेफोला सांगायची गरज पडली नाही. त्याने बोटांवर मोजून दाखवलं — एक साहेब, आता तुम्ही, आता मी.

प्रार्थना करतो आहे. शब्द आठवतात, अर्थ लागत नाही.

शनिवार, १६ ऑगस्ट

सेफोला चर्चमध्ये ठेवलं आहे. दुपारी त्याच्यासाठी जेवण घेऊन गेलो तर तो बाकाखालून कोयता घेऊन अंगावर आला. मला ओळखलं नाही. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. रक्त पाहून भानावर आला आणि माझे पाय धरून लहान पोरासारखा रडला. म्हणाला, काका, मी तुमच्या खुंटीच्या बाहेरच होतो ना? मी म्हटलं, होतास.

होता. म्हणून हे माझ्यावर आहे.

पेनिनाबाईने हात बांधून दिला आणि मग बोलली. भाऊ गेला, आता मला अडवणारा शब्द उरला नाही, म्हणाली. खड्ड्यातले ते आमचे पूर्वज नव्हेत. पलीकडच्या गावाचे लोक. त्यांच्यातल्या एकाने आमच्या घरचा माणूस मारला, तर सगळं कुटुंब, बायकापोरांसकट, माफी मागायला पठारावरच्या आमच्या जुन्या घराच्या दारात चटईखाली बसलं. आमच्या पणज्याने चटई उचलली नाही. सोटे मागवले. मग जिथे बसले होते तिथेच दगड रचले आणि सांगत सुटले की इथे कबुतरं धरतात.

म्हणाली, तोइलोलोला ठाऊक होतं. तरी तो आला आणि तुम्हाला माफ करून मोकळा झाला. कोणाच्या वतीने?

म्हणजे त्या पुरलेल्यांच्या देखत माफी झाली. जे त्यांना मिळालं नाही ते आम्हाला मिळालं.

ती म्हणाली, उद्या मी बसते, रक्त आमच्या घराने सांडलंय. मी म्हटलं, खुंट्या माझ्या आहेत, मीही येतो. त्यांची माफी मागू. ती मिळाली तर सेफो वाचेल. तिने मान डोलावली आणि पेटीतली घरातली सगळ्यात जुनी चटई काढली.

रविवार, १७ ऑगस्ट

उजाडतं आहे. तियासमोर बसलो आहोत. चटईच्या विणीतून थोडा उजेड येतो, तेवढ्यात लिहितो.  पेनिनाबाई शेजारी हळू स्तोत्र म्हणते आहे.

सेफो चर्चमध्ये. बायको त्याला धरून बसली आहे.

दगड सरकले.

पावलं नाहीत. गुडघे. खडीवर घासत — बरेच —

चर्चच्या वाटेने जात आहेत का? नाही. इकडेच. देवा, इकडेच येऊ देत.

समोर कोणी उभं राहिलं नाही. वाटलं होतं समोर येतील, माफी ऐकायला. ते बाजूला येत आहेत. चटईची कड हलली, ओल्या मातीचा वास — माझ्या दंडाला कोणाचा तरी दंड लागला. गार. पलीकडे आणखी एक. एक लहान.

आमच्या शेजारी बसले आहेत. गुडघ्यांवर. कपाळ टेकून.

ते माफी द्यायला आलेच नाहीत. अजून मागत आहेत. तेव्हापासून तिथेच —

आम्ही चुकलो. तिने इथे बसायचंच नव्हतं. ती त्या घरची, त्या घरातली शेवटची. चटई तिने उचलायची आहे. बाहेर उभं राहून. त्यांच्यावरून.

सांगितलं तिला. कानात. आक्का, उठा, तुम्ही उचला. तिचं स्तोत्र थांबलं. उठते आहे. गुडघे वाजले. बाहेर गेली.

शेजारचे सगळे एकदम ताठ झाले. बाहेर त्या घरचं माणूस उभं राहिलं म्हणजे सोटा, एवढंच त्यांना ठाऊक. हातात काहीतरी आहे त्यांच्या. जड. जमिनीवर ओढलं जातं आहे, चटईबाहेर, तिच्याकडे —

घाव. बाहेर. ती ओरडली नाही — माझ्या पाठीवर काहीतरी कोसळलं, चटईतून गरम — पानावर —

पुन्हा घाव.

हालते आहे. ती अजून हालते आहे. बोटांनी चाचपते आहे चटई, कड शोधते —

कड वर होते आहे. उजेड. हात दिसतो, रक्ताने माखलेला, म्हातारा. हात तिचाच असेल तर माफी झाली, सेफो वाचला. देवा, हात तिचाच —