विंडोजच्या फोल्डरातला गहू

बाबा, तुमचा कॉम्प्युटर शेवटी अकोल्याहून अमरावतीला आणला. त्याचं आईने शिवलेलं पडद्याच्या कापडाचं झाकणही आणलं. लेकराला पांघरूण घालावं तसं तुम्ही ते रोज घालायचे आणि आई चिडायची. दुरुस्तीवाल्याने मशीन कसंबसं चालू केलं. म्हणाला, ताई, डिस्क आता जातेच आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉपवर तुमचं जे असेल ते काढून देतो, बाकी सगळं सिस्टमचं, ते आपल्या कामाचं नाही. पाहिलं तर तिन्ही ठिकाणी काहीच नाही. आई गेल्यावर तुम्हीच सांगितलं होतं ना, तिचं गाणं यात भरून ठेवलंय म्हणून? असा राग आला तुमचा, की विचारू नका. तो माणूस मशीन बंद करायला निघाला.

तेवढ्यात तुमचा तो दम आठवला. मी कॉलेजात आहे, गाण्यांसाठी जागा करायला सी ड्राइव्ह उघडून बसले आहे आणि तुम्ही स्वयंपाकघरातून धावत येता. "विंडोजले हात लावू नको. थो मशीनचा जीव हाय." तेव्हापासून घरात कोणी त्या फोल्डरात डोकावलं नाही. आणि त्याच स्वयंपाकघरात आईची सोन्याची पोत कुठे असायची? गव्हाच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्याखाली, पार तळाशी. कुलूप मात्र कपाटाला, ज्यात जुन्या साड्यांशिवाय काही नाही. चोर काही गहू उपसत बसत नाही, असं तुम्ही आम्हाला ऐकवायचे.

मी त्याला थांबवलं, विंडोज उघडा म्हटलं. तो हसला. तिथे कोणी आपलं काही ठेवत नाही ताई, म्हणाला. म्हटलं, आमच्याकडे ठेवतात. त्याने एकेक नाव खाली सरकवलं. फॉन्ट्स आणि हेल्प यांच्या मधोमध, इंग्रजी अक्षरांत, गहू. आत एकच फाइल. धन्य आहे बाबा तुमची! डिस्क टाकून दिली असती, तर आईचा आवाज आमच्या हातानेच गेला असता.

आता ते गाणं फोनमध्ये आहे, पेन ड्राइव्हमध्येही आहे. हे लिहिलेलं मी डॉक्युमेंट्समध्येच ठेवते आहे; पाठवायचं तर कुठेच नाही. गाण्याच्या आधी तुम्ही बोलता, "म्हण ना वं, चालू झालं." तुमचा आवाज कुठे उरला असेल, हे तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगते बाबा, आईचं गाणं मी अजून पुरतं ऐकलेलं नाही. तुमचं बोलणं संपलं की थांबवते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते.