माझ्या नावाची तार

प्रिय बाबा,

तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले. आज तुमचा तारमास्तरचा खाकी कोट उन्हात टाकायला काढला, तर आतल्या खिशात कंपनीचं पत्र सापडलं. माझ्या नावाचं! म्हणून लिहायला बसले. तुम्ही असता तर समोर उभं राहून विचारलं असतं.

मुंबईची ती परदेशी तारांची कंपनी आठवते ना? एडन, लंडनशी बोलणारी? नांदुऱ्याच्या ऑफिसात तुम्हीच मला तार शिकवलीत, तुम्हीच परीक्षेला नेलंत. मी पास झाले तेव्हा स्टेशनभर सांगत सुटलात, "माही पोट्टी आता विलायतेशी बोलते!" आणि महिन्याभरानं म्हणालात, "कंपनीले पोरी नको म्हणे, बाई." माझ्यासोबत रडलातसुद्धा. काय सोंग हो ते!

पत्रात साहेब मला लिहितो, नेमणुकीला मी तारेनं नकार कळवला, त्याला वाईट वाटलं, जागा दुसऱ्याला दिली. कसली नेमणूक? टपाल तुमच्याच हातून यायचं. आणि कोणती तार, बाबा? मी कधी केली?

मग आठवलं. पास झाल्यावर काही दिवसांनी एका दुपारी मी तुमचा डबा घेऊन ऑफिसात आले होते. तुम्ही तार पाठवत होता. लोकांची तार कानावर पडली तरी ऐकायची नाही, हा तुमचाच धडा. मी शहाण्यासारखी खिडकीशी गेले आणि मालगाडीच्या वाघिणी मोजत राहिले. पाठीमागे त्या तारेनं माझीच नोकरी जात होती!

काऊन केलं असं? एकटी पोर मुंबईत कशी राहील म्हणून? की मी पास होईन असं वाटलंच नव्हतं? नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचं. मी भांडले असते, रुसले असते, कदाचित ऐकलंही असतं. आता कंपनीत घ्यायचं वय गेलं. शाळेत पोरींना पाढे शिकवते.

आईला इंग्रजी येत नाही. "काय लिहिलं वं त्याच्यात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बाबांची तारीफ आहे." तिनं ते पत्र डोळ्यांना लावलं आणि तुमच्या फोटोपाशी ठेवलं. तिला काय कळावं आणि काय नाही, हे मीच ठरवून टाकलं. तुमचीच पोरगी!

एक वचन देते. आज दिवेलागणीला ते पत्र तिला मराठीत वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून साहेबाच्या सहीपर्यंत. मग उद्या तुमच्या फोटोला हार घालायचा की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तुमच्यावर रागावलेली,
सुमन