गळ्यातला शब्द

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण खोली बदलली. आता सायकलच्या दुकानावर राहतो. खाली दिवसभर पंक्चरं काढतात, त्या वासाने डोकं हलकं होतं. तू म्हणशील, आधी कुठे जड होतं. असो, सांगायचं होतं भलतंच.

इथल्या फुटबॉल संघाचा मी पक्का चाहता झालोय. मैदान आपल्या लोकांच्या वस्तीला लागून, म्हणून समोरच्या संघाची माणसं आम्हाला ‘मुके’ म्हणून ओरडायची. तोच शब्द, आपण चारचौघांत आपली बोली बोलत नाही म्हणून चिकटवलेला. तर आमच्या पोरांनी तो उचलूनच घेतला. गळपट्ट्यांवर मोठ्या अक्षरांत ‘मुके’, आणि गॅलरीभर एकच आरोळी, तीही आपल्या बोलीत, आम्ही मुके. बहिरासुद्धा दचकेल. माझ्या शेजारचा रंगारी आपल्यातला नाही, पण घसा त्याचाच मोठा. गळपट्टा घातलेला फोटो पाठवतोय, बाबांना दाखव.

तुझ्या छोटीला गोड मुका. (हा दुसरा, ताई, गालावरचा.)

तुझा,
भिंगरी

दि. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोटो दाखवला, माझंच चुकलं. बाबा लॉन्ड्रीतून येऊन चहा पीत होते. कप ठेवला नि उठून गेले. तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट, तुला काय ठाऊक. लॉन्ड्रीत त्यांना कुणी नावाने हाकच मारायचं नाही. ए मुक्या, कॉलर जळली. ए मुक्या, पाणी आण. मग घरी येऊन आम्हाला मोठमोठ्याने गोष्टी सांगायचे, खिडक्या लावून.

मी म्हटलं, पोरं त्या शब्दाची नांगी मोडतायत. काल म्हणाले, त्याला विचार, आपल्यातला नसलेला कुणी मला तशी हाक मारेल तेव्हा हा काय करेल. उत्तर आल्याशिवाय सुट्टीला येऊ नकोस म्हणाले. रागावून नाही रे, तेच वाईट.

जेवत जा वेळेवर. मोजे धुतोस का?

तुझी,
ताई

दि. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लगेच झोकात उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं.

रविवारी आम्ही जिंकलो. बाहेर पडताना फाटकाशी आपल्यातला एक म्हातारा झाडत होता. रंगारी हसतच त्याला म्हणाला, ए मुक्या, बाजूला हो. प्रेमानेच म्हणाला. माणूस वाईट नाही, माझ्या तापात औषध त्यानेच आणलं होतं. म्हातारा मान खाली घालून भिंतीला चिकटला. मी रंगाऱ्याचा हात धरला, म्हटलं, त्यांना तसं म्हणायचं नाही. तो गोंधळला. माझ्या गळ्याकडे बोट करून म्हणाला, मग हे काय आहे? तेवढ्यात म्हाताऱ्याने माझ्या गळ्यातली अक्षरं वाचली आणि मलाही वाट करून दिली.

बाबांना सांग, उत्तर अर्धंच आलं. हात धरेन. पुढचं मला येत नाही. गळपट्टा टाकवत नाही, कारण तो घालूनच मी पहिल्यांदा चारचौघांत आपल्या बोलीत ओरडलो. सध्या उलटा घालतो, अक्षरं आतल्या बाजूला. मानेला टोचतात.

एवढ्यावर सुट्टीला येऊ का, विचारून कळव.

बाबांना सा. न. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस. छोटीला गोड पापा. या वेळी हाच शब्द.

तुझा,
भिंगरी