चौकीदाराचे चार सेकंद

४ फेब्रुवारी

साहेबांनी आज पहिला भाग पाहिला आणि जांभई दिली! शिलाईच्या कारखान्यातल्या आगीवर सहा महिने राबतोय आम्ही. नऊ बायका गेल्या. मागच्या दाराला कुलूप होतं, आणि किल्ली कोणाकडे होती हे अजून कोणी कबूल करत नाही. आणि निर्मात्याला जांभई! म्हणाले, "हा माहितीपट झाला. मला थरारपट हवाय. पहिल्या भागात संशय, दुसऱ्यात दाट संशय, तिसऱ्यात खरा माणूस."

चित्रण तेच. फक्त जोडायचं वेगळं. संकलकाला दुसरं काय काम असतं म्हणा.

५ फेब्रुवारी

संशयाला माणूस हवा — चौकीदार सापडला. मुलाखतीत बिचाऱ्याने ताडकन उत्तर दिलंय. "किल्ली? मालकाच्या भाच्याकडे. मीच दिली त्याच्या हातात." भाच्याविरुद्ध आमच्याकडे एवढा एकच शब्द आहे. तो पहिल्याच भागात खर्च केला तर पुढे बघणार कोण? उचलला आणि तिसऱ्या भागात नेऊन ठेवला.

७ फेब्रुवारी

प्रश्नानंतर भोक पडलं होतं. काय भरायचं? मग आठवलं. मुलाखत संपली की आमचा ध्वनिवाला — त्याला आम्ही कानसेन म्हणतो — सगळ्यांना गप्प बसवून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. जोडकामात लागते ती. त्या दिवशी कॅमेरा चालूच राहिला होता. चौकीदार सांगितल्याप्रमाणे निमूट बसलाय. मान खाली. एकदा आवंढा गिळतो.

त्यातले चार सेकंद घेतले. "किल्ली कोणाकडे होती?" — आणि ते चार सेकंद. माझ्याच अंगावर काटा आला! माहितीपटात माणूस गप्प बसला तर तो दुःखी असतो. थरारपटात गप्प बसला की गुन्हेगार. संगीतसुद्धा लागलं नाही.

कानसेनने पाहिलं. "अगं, ही तर माझी शांतता!" हसला नाही. मी म्हटलं, तिसऱ्या भागात सुटतोच आहे की तो.

२० फेब्रुवारी

पहिला भाग लागला. आई खुर्चीत ताठ बसली. "हाच तो मेला!"

"कशावरून गं?"

"विचारल्यावर कसा गप्प झाला बघ. इतक्या मालिका पाहिल्यात मी, मला शिकवू नकोस."

मला बरं वाटलं. काम जमलं म्हणून. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच नाकबूल करीन.

२३ फेब्रुवारी

चौकीदाराच्या मुलीचा फोन. मुलाखतीच्या दिवशी मीच तिला नंबर दिला होता. घराच्या दाराला कोणीतरी डांबर फासलंय. शेजारच्या बाई तोंडावर दार लावतात. "ताई, मी तेव्हा खोलीबाहेर होते. बाबांनी खरंच उत्तर दिलं नाही का हो? ते म्हणतात, दिलंसं वाटतंय. आगीत धूर डोक्यात गेल्यापासून त्यांचं त्यांनाच काही खात्रीचं वाटत नाही."

"दिलं होतं" — एवढंच म्हणायचं होतं! पण शेवट बाहेर फोडणार नाही असं सही करून दिलंय, नोकरी जाईल. म्हटलं, "तिसरा भाग बघा." लाज वाटते मला माझी.

२४ फेब्रुवारी

साहेबांकडे गेले. ते चार सेकंद काढू या म्हटलं.

"वेडी आहेस का? दहा दिवस कळ काढ. आज शिव्या घालतायत ना, तेच लोक तिसऱ्या भागात त्याला डोक्यावर घेतील. संशयित निर्दोष निघाला की प्रेक्षक रडतो."

खरं आहे. नियम मलाही पाठ आहे. प्रेक्षकालाही आहे, म्हणून तर तो मजेत वाट बघतो. चौकीदाराला कोणी सांगितलाय तो नियम?

२७ फेब्रुवारी

दुसरा भाग लागला. तिचे तीन फोन. घेतले नाहीत.

२ मार्च

चौकीदार सकाळी स्वतःहून पोलिसांत गेला. किल्ली माझ्याकडेच होती, असं लिहून दिलं. मुलीने आता फोन केला नाही, निरोप धाडला — "बाबा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून बघत होते, ताई. म्हणाले, उत्तर असतं तर मी तेव्हाच दिलं नसतं का?"