पाहुणी येईपर्यंत फिनेल बंद

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी मुलगा संजू ओवीला माझ्याकडे सोडून गेला. लोट्याच्या कारखान्यात जाणारी दुसऱ्या पाळीची बस गाठायची म्हणून चहाही अर्धा टाकला. नात तीन वर्षांची झाली, पण उचलली तेव्हा हाताला पोर लागलं नाही, नुसते कपडे लागले.

पावसाळाभर पोट बिघडलेलं. एक औषध संपलं की दुसरं. आता डॉक्टर म्हणतात, औषधं पुरे, घरचं साधं खाऊ दे, पोट आपलं आपण बसेल. महिन्याभरात वजन धरलं नाही तर मात्र दवाखान्यात ठेवून पुढच्या तपासण्या. सुया, नळ्या सगळं आलं.

सून मेघनाने बरोबर बिस्किटांचा डबा दिलाय. फोनवर म्हणाली, "आई, दुसरं काही घेतच नाही हो ती. आणि गोठ्यात नेऊ नका."

हे मला सांगायला नको. आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली माझी. गावाच्या पोटात काय काय वळवळतं ते मी काचेखाली पाहिलंय.

दुपारी भात नाही. रात्री एक बिस्कीट, तेही कडा टाकून.

८ नोव्हें., शनि.

पुण्याची एक मुलगी स्कूटरवरून आली. नेहा. संशोधन करते. माणसं, त्यांची गुरं आणि वांदर यांच्या पोटातले सूक्ष्मजीव. एकाच जागी राहणाऱ्यांचे एकमेकांत किती मिसळतात, ते तिला बघायचंय. गणपतीपुळ्याकडची वांदरं हल्ली पाला सोडून लोकांनी दिलेली बिस्किटं नि भेळ खातात. त्यांची लेंडी एकीकडे, रानातल्यांची दुसरीकडे. आणि मध्ये आम्ही.

शिकायला मिळालं तेव्हा आम्हाला जंतू म्हणजे शत्रू एवढंच शिकवलं. ही म्हणते, बहुतेक आपले भाडेकरू आहेत, काही तर घर सांभाळतात. माती, गुरं, घरातली माणसं यांच्याकडून ते येतात. औषधांनी वाईटांबरोबर तेही जातात, मग परत यायला वेळ लागतो.

ओवीकडे बघितलं. विचारलं, हिचा नमुना घेशील? नको म्हणाली, औषधं नुकतीच बंद झालीत, आणि लहान मुलांची परवानगी तिच्याकडे नाही. बरोबर आहे. तरी वाईट वाटलं.

शालू, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या घरात असते. गाय तिची, गोठा दोघींचा. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "गाईचा शेण न्या पाटीभर, नाय कोन म्हणतोय? आमचा कशाला?"

बुधवारी यायचं ठरलं. खळं, गोठ्याची जमीन, गाय आणि आम्ही दोघी.

१२ नोव्हें., बुध.

पहाटेपासून कामाला लागलो. भात झोडून झालाच होता, शालूने खळं ताज्या शेणाने सारवलं. मी गोठा धुतला. खराट्याने घासून फिनेल मारलं, गव्हाणसुद्धा पुसली. पुण्याची माणसं येणार, आपला गोठा घाण दिसता कामा नये.

नेहा आली, दारातच थांबली. "काकू, हा वास कसला?"

अभिमानाने सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला. जे पाहायला आली तेच मी धुऊन टाकलं होतं. प्रयोगशाळेत नोकरी करून ही अक्कल. पण पाहुणी येणार म्हणून घर साफ करायचं नाही, हे या गावात कोणी कुणाला कधी सांगितलं नसेल.

"पुढच्या गुरुवारी परत येते. तोपर्यंत फिनेल बंद. रोजच्यासारखं राहा."

"रोज मी फिनेलच मारते."

"मग रोजच्यासारखं राहू नका," म्हणाली आणि हसली. मुलगी बरी आहे.

बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली कनवटीला. शालू म्हणते, "आता वयनीला निज कशी लागेल?"

ओ. चे दोन घास. पेज ओठांवरून परत.

१५ नोव्हें., शनि.

दुपारी ओ. नाहीशी. विहीर पाहिली, रस्ता पाहिला. शालू गोठ्यातून हाक मारते, "हितं हाय बघा तुमची बाय."

पेंढ्यात बसली होती. तांबू गाईची पाडी, चिंगी, तिचं कपाळ चाटत होती आणि ही डोळे मिटून हसत होती. अंगभर शेण. किती महिन्यांनी हसताना पाहिली.

तरीही मी ओरडले. उचलून नेली, साबणाने दोनदा घासली. भोकाड. शालू मागोमाग. "पाडीन् चाटली तर झिजली काय पोर?"

गुरांपासून जंत होतात, आणखीही बरंच होतं. शालूला ते ठाऊक नाही, मला आहे. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावरून उगाच कोणी शहाणपण काढू नये.

संध्याकाळी पेजेची वाटी पुढे केली तर म्हणाली, "चिंगी जेवली?" नाही म्हटलं. "मग मी पण नाही." शेवटी वाटी घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. पाडीला गवताची काडी, हिला चमचा. परत काडी, परत चमचा.

वाटी रिकामी झाली.

विश्वास बसेना म्हणून मी वाटी उलटी धरून बघितली.

१७ नोव्हें., सोम.

रोज उंबऱ्यावर पंगत. नियम मी केलेत: जेवणाआधी हात साबणाने, पायात चपला, दूध उकळूनच. चपला टिकत नाहीत. खळ्यात अनवाणी पळते.

आज वांदर कौलांवरून उतरलं आणि ओटीवरचा बिस्किटांचा डबा घेऊन आंब्यावर गेलं. मी काठी घेऊन धावेपर्यंत झाकण खाली आलं. ओ. टाळ्या वाजवत होती. नवीन डबा मागवायचा नाही असं ठरवलं.

पोट आज जाग्यावर. शी नीट बांधलेली. एवढ्या सरावानंतर मला एका नजरेत कळतं. देवापुढे दिवा लावला तेव्हा कोणासाठी हात जोडावेत कळेना. गणपती आहेच. नंतर तांबूला गुळाचा खडा दिला.

१८ नोव्हें., मंगळ.

रात्री मेघनाचा व्हिडिओ कॉल. ओ. ने कोपर दाखवलं, त्यावर वाळलेलं शेण. "चिंगीचं आहे," अभिमानाने.

मग, "आई, तुम्ही तरी…" फोन तिने संजूकडे दिला. रविवारी दोघं येतायत. मे. म्हणते, बरोबर घेऊन जाणार.

तिचं चुकतंय असं म्हणवत नाही. दवाखान्यातल्या रात्री तिने काढल्यात, मी नाही.

२० नोव्हें., गुरु.

नेहा परत. खळं, गोठा, गाय. सगळं मनासारखं मिळालं तिला. मग आमच्या नमुन्याच्या डब्या. माझी दिली. नोकरीभर लोकांच्या घेतल्या, लाजायचं काय त्यात. शालूने पदराआडून आपली पुढे केली.

मी झाकण उघडून बघितलं आणि ओळखलं. हिरवट, त्यात गवताचे धागे.

"शालू, हे तुझं?"

"म्हंजे काय."

"तू पेंढा कधीपासून खातेस गो?"

खाली बघून म्हणाली, "पावन्याच्या हातात आपला कसा द्यायचा, वयनी? गाईचा असला म्हंजे तिचा हात तरी बाटनार नाय." खरंच तिला तसं वाटत होतं. नेहा इतकी हसली की खांबाला धरून बसली. म्हणाली, हे नेलं असतं तर ह्या काकूंचं पोट अगदी गाईसारखं आहे असं मी पुण्यात छातीठोक सांगितलं असतं. दुसरी डबी ठेवून गेली, उद्या कोणाच्या तरी हातून पाठवायचीय. शालूवर माझं लक्ष राहील.

निघताना तिला ओ. चं सांगितलं. फिनेल बंद, पाडी, अनवाणी पाय, बिस्किटं गेली. यातलं काय लागू पडलं? तिने खूप विचार केला. "काकू, नाही सांगता येणार. औषधं थांबली तेही धरा. शिवाय चिंगीबरोबर जेवण, म्हणजे सोबत. सगळ्यांचं थोडं थोडं असेल. किंवा एकाचंच."

प्रामाणिक उत्तर. प्रयोग म्हणून हा बादच, चार गोष्टी एकदम बदलल्या.

शालू मधेच, "वांदरा खातायत शहरातला, नि शहरातला पोर बसलाय गोठ्यात. उलटाच झाला सगळा."

कशाने का होईना. ज्याने कोणी केलं त्याचे उपकार, दिसो न दिसो.

२३ नोव्हें., रवि.

आले. मेघनाने ओ. ला उचललं. खाली ठेवलं. थोड्या वेळाने पाणी प्यायला म्हणून आत आली, पुन्हा उचलून पाहिलं. माझ्याकडे पाठ होती तिची.

जेवताना तिने पोरीला मांडीवर घेतलं. पोर घास घेईना. "चिंगी जेवली?" मे. ला काही समजेना. संजूने विचारलं, ही कोण चिंगी? शालू दारातून म्हणाली, "तुजी भाची."

मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फिनेलचंही. संजू म्हणाला, "आणि आम्हाला गोठ्यातून आलो की गरम पाण्यात बुडवायचीस ती तूच ना?" तेव्हाही बरोबर होतं, म्हटलं. काचेखाली जंत कोणी पाहिले होते, तू?

मे. ने पिशवी भरून ओटीवर ठेवली. तिचा राग असता तर बरं झालं असतं, उत्तर देता आलं असतं.

२४ नोव्हें., सोम.

सकाळी संजूला निघायची घाई. पाळी दुपारची आहे. पिशवी ओटीवर तशीच.

पेजेची वाटी मी मेघनाच्या हातात दिली आणि मागे राहिले. ती गोठ्यापर्यंत गेली, उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या की घालून ठेवायच्या, थांबली. काढल्या. ओ. तिला शिकवत होती: आधी चिंगीला काडी, मग मला चमचा. असं नाही, आधी काडी.

मग म्हणाली, "आई, तुला पण चाटू दे."

मे. ने हात पुढे केला. पाडीने तो मनगटापर्यंत चाटला. मे. चा चेहरा आधी आंबट झाला, नंतर तसा राहिला नाही. वाटी खाली ठेवून तिने दुसरा हातही पुढे केला.

संजू घड्याळ बघतोय. जायचं की राहायचं, अजून ठरलेलं नाही. मी साबण आणि तांब्या घेऊन खळ्यात उभी आहे. हाक मारलेली नाही.