कारामोरचा धोंडा

कारामोर,
२९ ऑक्टोबर १९३३

ती. सोरकाताई यांस,
फेस्टीचा सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरात असल्याचे कळले. डब्लिनच्या ट्रामला आपल्या घराण्याबद्दल आदर नाही, हे यावरून सिद्ध झाले.

बाबा अंथरुणातच आहेत. डॉक्टर गिलिगन म्हणतात की अकरा नोव्हेंबरचा मार्टिनमसचा सण पाहतील, नाताळ नाही. बाबांना मरणाची फिकीर नाही, त्यांना फिकीर आहे ती स्मशानाच्या फाटकाजवळच्या धोंड्याची. कबरीवर माती पडल्यावर घरच्या पुरुषाने तो उचलायचा, निदान त्याच्याखालून वारा तरी जाऊ द्यायचा, हे बाबांनी आजोबांच्या वेळी केले आणि आता आपल्या वेळी होणार की नाही, हे रोज विचारतात. माझ्याकडे पाहून विचारत नाहीत, इतके ते दयाळू आहेत.

कोलमनदादा स्कॉटलंडची बटाटेकाढणी संपवून आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला की बाबांनी निश्चिंत असावे. त्याचे हृदय डॉक्टरांनी तपासले. पाण्याच्या बादलीहून जड काही उचललेस तर मीच तुझ्या मयताला येईन, असे त्याला सांगितले. दादाने विचारले, की येताना काळा कोट घालणार का.

आता खरी गोष्ट. उन्हाळ्यात शेजारच्या गावची पोरे आपला धोंडा पळवणार अशी आवई उठली. आमच्या क्रीडामंडळाने बैठक घेतली आणि धोंडा सिमेंटात बसवला. वर गवताची ढेकळे अशी बेमालूम लावली की जणू तो तिथेच उगवला. चोरता येऊ नये म्हणून उचलताच येणार नाही असा केला. रक्षणाच्या नादात लक्षणच गेले, हे मी त्यांना सांगितले, तर म्हणाले, मास्तर, तुम्ही लॅटिन शिकवा.

दादाला हे ठाऊक नाही. तो रोज दुपारी धोंड्यापाशी जातो, ओढतो आणि परत येतो. बाबा विचारतात, वारा गेला का. दादा बुटांची नाडी सोडत बसतो. बाबा भिंतीकडे तोंड करतात.

गावात कोणी बोलत नाही, कारण डॉक्टरांनी दारूच्या दुकानात सगळ्यांना दम दिला आहे. सांगितले तर दादा पहार घेऊन सिमेंट फोडील, धोंडा उचलील आणि तिथेच पडेल. न सांगितले तर आपण संपलो असे समजून खंगत जाईल. सुरुवात झालीच आहे, ताटातले बटाटे तसेच राहतात. मी काय करू ते कळव. माझ्या बावळटपणाला पुरेल इतका लोभ शिल्लक ठेव.

तुझा,
फेस्टी

---

डब्लिन,
६ नोव्हेंबर

चि. फेस्टीस,
सोरकाचे अनेक आशीर्वाद.

तू लहानपणापासून दोन्ही बाजू नीट समजून घेतोस आणि मधोमध बसून राहतोस. दादाला सांगून टाक, असे लिहिले आणि खोडले. सांगू नकोस, असेही लिहून खोडले. कागद वाया गेला.

मग सुचले की बाबांना सांग. दोष धोंड्याचा आहे, मुलाचा नाही, एवढे कळून तरी जाऊ देत. आजच सांग. मला इथे खुर्चीवर पाय ठेवून बसवत नाही आणि उठवतही नाही. कोलमनला पोटभर जेवायला घाल. माझी माया तुम्हा तिघांना वाटून घ्या, भांडू नका.

तुझी ताई

---

कारामोर,
२ डिसेंबर

ती. ताईस,
फेस्टीचा सा. न. वि. वि.

बाबा गेल्याची तार तुला मिळालीच. तुझे पत्र आले त्याच दिवशी मी बाबांच्या कानाशी जाऊन सगळे सांगितले, सिमेंटासकट. त्यांनी माझा हात धरून, कोलमन, थंडी आहे, दार लाव, एवढेच म्हटले. त्यानंतर ते ऐकण्याच्या पलीकडे होते. मी दार लावले.

माती पडली. दादाने कोट काढला, घडी करून माझ्या हातात दिला. मी तेव्हाही सांगू शकलो असतो. तो वाकला, त्याने धोंडा ओढला, पुन्हा ओढला. सारे गाव आपापल्या बुटांकडे पाहत होते. डॉक्टरांचा हात बॅगेत होता.

तेवढ्यात बार्टली मॅनिअन पुढे आला. हा धोंडा छातीपर्यंत नेल्याची गोष्ट तो सबंध जन्म सांगत आला आहे. सिमेंट कालवले तेही यानेच. त्याने तळहातांवर थुंकून दादाला म्हटले की सरक बाजूला, हात काय तुमच्याच घराला दिलेत? आणि ओढला, ताई, मानेच्या शिरा तटतटेपर्यंत. शेवटी उठून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला की या मेल्या धोंड्याला सैतान खायला घालून जड करतोय. मग लोहार आला. मग त्याचे भाऊ. फादर लॅव्हेलनीसुद्धा झगा खोचला. एकेक जण येऊन हरून जात होता. माझी पाळी आली तेव्हा मीही ओढला, आणि खरेच सांगतो, तेवढ्या वेळापुरते मी सिमेंट विसरलो होतो.

दादा कोट घालत म्हणाला की म्हणजे आपलेच घर काही कमी नाही. त्या संध्याकाळी तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

इथेच थांबले असते तर मी तुला आनंदाचे पत्र लिहिले असते. पण दादाचा निष्कर्ष असा, की चहा-पावाने अख्खे गाव मऊ पडले आहे. त्याने वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून कोण्या इंग्रज पहिलवानाचा टपालाने येणारा व्यायाम मागवला. आता रोज संध्याकाळी माझ्या शाळेत बाके बाजूला सारून सात बाप्ये बैठका मारतात. पहिली परीक्षा एक फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवशी, धोंड्यापाशी. त्याला थांबवू कसे? आता खरे सांगणे म्हणजे मयताच्या दिवशी सगळा गाव खोटे वागला, असे त्याला सांगणे. आणि तो इतका खुशीत आहे. बैठका झाल्या की ओठ निळे पडतात, भिंत धरून उभा राहतो आणि हसतो. डॉक्टर म्हणतात, धोंडा त्याला मारू शकत नव्हता, हे मारील. दम द्यायला पाठवले तर तेही कोपऱ्यात उभे राहून नाडी मोजून आले. मी आकडे म्हणतो. सावकाश म्हणतो, एवढेच माझ्या हातात आहे.

काल व्यायामानंतर बार्टलीने मला दाराआड घेतले. मला वाटले, सिमेंटाचे काहीतरी करू म्हणतो आहे. त्याने स्वतःचे दंड चाचपून पाहिले आणि हळूच विचारले, की मास्तर, आणखी दोन महिने असेच चालले, तर हलेल, नाही का?

त्याला काय सांगू, तेही कळव. तुझ्या मायेचा आधार इथे आता आम्हा आठ जणांना लागतो आहे.

तुझा,
फेस्टी